तुझ्या घरात काय आहे? काटकसरीच्या संसारातलं समाधान आणि उपकारस्तुती

नवरा वारलेला. सावकार दारात, आणि कर्जापायी दोन्ही मुलांना दास करून नेण्याची त्याची तयारी. ही विधवा रडत अलीशा संदेष्ट्याकडे गेली तेव्हा त्याने तिला पैसे दिले नाहीत आणि धीर धर असंही सांगितलं नाही. त्याने विचारलं, तुझ्या घरात काय आहे? ती म्हणाली, काही नाही, एका कुपीत थोडं तेल आहे तेवढंच. (बायबल, २ राजे, अध्याय ४.)

लग्न होऊन नगरला आले त्या वर्षी महिन्याची वीस तारीख उलटली की मीही हेच म्हणायचे, ‘घरात काही नाही.’ सासूबाई नर्स होत्या, बोलणं मोजकं. एकदा ड्यूटीवरून आल्या, माझं वाक्य ऐकलं आणि मला मांडणीसमोर पाटावर बसवलं. म्हणाल्या, ‘एकेक डबा उघड आणि मोठ्याने सांग.’ मी उघडत गेले. अर्धा किलो हुलगे. मसूर दोन वाट्या. मागच्या नाताळातला रवा. पोह्यांची अर्धी पिशवी. सांडगे. वाळवलेली मेथी. गुळाचा एक खडा. बाजरीचं पीठ, थोडं कडवट झालेलं. खालच्या फळीवरच्या पितळी डब्याला हात घातला तर म्हणाल्या, ‘तो नको मोजूस.’ बाकीच्या त्या ‘काही नाही’वर आम्ही पाच माणसं नऊ दिवस जेवलो. तेल, कांदे आणि दूध तेवढं बाहेरून आणलं.

संसाराची काटकसर मी त्या पाटावर शिकले आणि खालचा सगळा क्रम तिथूनच येतो. समाधानी कसं राहावं हे मला उपदेशातून कधी कळलं नाही. डबे उघडताना, वही लिहिताना, शिळ्या भाकरीचं काय करायचं हे ठरवताना थोडं थोडं कळत गेलं. येशूचा प्रेषित पौलही फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, तुरुंगातून लिहितो तेव्हा आहे त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी ‘शिकलो’ असं म्हणतो. म्हणजे त्यालाही ते आपोआप आलेलं नव्हतं.

पहिलं काम: डबे उघडा

वाण्याची यादी करण्याच्या आदल्या दिवशी हे करायचं. आमच्याकडे पगार एक तारखेला होतो, म्हणून मी २९ तारीख धरलीय. कागदावर तीन रकाने पाडा: लवकर संपवायचं, महिनाभर पुरेल, खरंच नाही. डबा नुसता हलवून अंदाज घेऊ नका, झाकण काढून वास घ्या. पिठं, शेंगदाणे, खोबरं आणि रवा आधी बिघडतात, ते पहिल्या रकान्यात. यादीत फक्त तिसरा रकाना जातो.

पहिल्या महिन्यात हमखास दिसतं की जिरं तीन ठिकाणी आहे आणि हरभऱ्याची डाळ दोन पुड्यांत. लाजू नका. माझ्याकडे एकदा हळदीची चार पाकिटं निघाली होती.

पहिल्या रकान्यातल्या वस्तूंवर पुढच्या आठवड्याचे बेत करायचे. आमच्या त्या अर्ध्या किलो हुलग्यांचे सासूबाईंनी शेंगोळे केले. हुलगे भाजून दळून आणले, पिठात लसूण, तिखट, ओवा आणि मीठ घालून घट्ट मळलं, बोटांवर वळून कडबोळ्यासारखे छोटे शेंगोळे केले आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडले. पिठामुळे रस्सा आपोआप दाट होतो. एका पातेल्यात सगळं जेवण, आणि वर भाजी लागत नाही. नगर-पुण्याकडच्या खेड्यांत हे पावसाळी जेवण आहे, गरिबीचं म्हणून नाक मुरडावं असं त्यात काही नाही.

दुसरं काम: दोन पानांची वही

दोनशे पानी साधी वही घ्या. डावं पान खर्चाचं, उजवं उपकारांचं. डावीकडे दिवसाचा प्रत्येक खर्च, अगदी दहा रुपयांची कोथिंबीरही. उजवीकडे त्याच दिवशी देवाचे कशाबद्दल आभार मानले ते.

उजव्या पानाला एकच नियम: नेमकं लिहायचं. ‘कुटुंब, आरोग्य, निवारा’ असं रोज लिहिलं तर चौथ्या दिवशी हात यंत्रासारखा चालतो. माझ्या वहीतल्या एका आठवड्याच्या ओळी अशा आहेत: नळाला दुपारी पुन्हा पाणी आलं. धाकट्याने न सांगता ताट उचललं. शेजारच्या काकूंनी कढीपत्ता दिला, देठासकट. पाऊस आला तेव्हा कपडे आत होते. ह्यांच्या सायकलचं पंक्चर घराजवळच झालं.

रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत हे पान वाचायचं. आमच्याकडे प्रत्येकाने एक उपकार सांगायचा आणि तो त्या दिवशीचाच हवा, अशी शिस्त होती. मुलं सुरुवातीला ‘आज गणिताच्या बाई आल्या नाहीत’ असले उपकार सांगायची. तेही मी लिहून घेतले.

महिनाअखेर दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा. पहिल्या महिन्यात उजवीकडे माझ्या सत्तरएक ओळी होत्या. त्यातल्या जेमतेम पाच गोष्टींना डावीकडे पैसे पडले होते. उलट डावीकडे बाहेरच्या वडापाव-कोल्ड्रिंकचे, मुलांच्या हट्टाच्या खेळण्यांचे आणि ‘सेल’मधल्या डब्यांच्या सेटचे चांगले आठ-नऊशे रुपये होते, आणि त्याबद्दल घरात कोणीही एका शब्दाने आभार मानले नव्हते. तेव्हापासून काय कापायचं याचा माझा नियम हाच आहे: ज्या खर्चाची नोंद उजव्या पानावर कधीच येत नाही, तो आधी जातो. काटकसरीच्या इतर याद्या चहा-साखरेपासून सुरू होतात. आमच्या घरात चार वाजताचा चहा उजव्या पानावर महिन्यातून सहा वेळा येतो, म्हणून तो राहिला. केबलचं जादाचं पॅकेज गेलं.

पैशाचे वाटे

पगार आला की पहिला वाटा देवाचा. दशांश द्यावा की कमी, हा तुमचा आणि देवाचा प्रश्न आहे. मी एवढंच सांगते की तो पहिल्या दिवशी पाकिटात घालून ठेवा, शेवटी उरेल त्यातून द्यायचं ठरवलं तर उरत नाही. कर्जात असाल तर रक्कम लहान ठेवा, पण सोडू नका. मार्काच्या शुभवर्तमानातल्या विधवेने दोन टोल्याच, म्हणजे दोन अगदी लहान नाणीच, टाकली होती. मात्र उसने काढून दान देणं मला पटत नाही, मग पाळकसाहेब काहीही म्हणोत.

दुसरा वाटा भाडं, शाळेची फी, वीजबिल आणि औषधं. तिसरा किराणा, दूध, भाजी, गॅस. चौथा अचानक खर्चाचा. पाचवा नाताळचा, त्याबद्दल खाली येईलच.

किराणा आणि भाजीचे पैसे मी रोख काढून दोन वेगळ्या डब्यांत ठेवते. मोबाईलवर स्कॅन करून दिलेला पैसा जाताना दिसत नाही. डबा उघडला की दोन नोटा उरल्यात हे डोळ्यांना दिसतं, आणि मग भोपळ्याची भाजी आपोआप सुचते.

हप्त्यांबद्दल मी ठेच खाऊन बोलते आहे. एका दुकानातून आम्ही ‘शून्य टक्के’ व्याजावर फ्रिज घेतला. प्रोसेसिंगचे पैसे वेगळे होते, विम्याचे वेगळे, आणि एक हप्ता दोन दिवस चुकला तर त्याचा दंड वेगळा. शेवटी हिशेब मांडला तेव्हा रोखीच्या भावापेक्षा दोन हजारांवर जादा गेले होते. सही करताना कागद वाचला नाही ही चूक माझी. त्यानंतर मिक्सर घेतला तो अकरा महिने पैसे साठवून, आणि तोवर पाट्यावर वाटलं.

घरात बहुधा एकजण देणारा असतो आणि एकजण मोजणारा. याच नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे, हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, आणि संसार ओढला तो त्यांनी. दोघांपैकी एकाला दुसऱ्यासारखं करायचा प्रयत्न करू नका. देणाऱ्यासाठी महिन्याची एक रक्कम वेगळी काढून ठेवा, त्याचा हिशेब विचारायचा नाही. आमच्या घरात देणारे हे आहेत, मोजणारी मी.

स्वयंपाकघर

काटकसरीची खरी जागा हीच, म्हणून इथे जरा बसून बोलू.

आधी माप. अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेलं अन्न, माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं एक माप, असा मिळाला. ज्याने जास्त गोळा केला त्याचं जास्त झालं नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडलं नाही. आपल्या घराचा ओमर आपण काढायचा. एक आठवडा पीठ, तांदूळ आणि डाळ मोजून घ्या आणि किती उरतं ते लिहा. एक किलो ज्वारीच्या पिठात मध्यम आकाराच्या बारा ते चौदा भाकरी होतात. चौघांच्या घरात रात्री आठ भाकरी संपत असतील तर दहा थापायच्या कशाला? माझ्या आईला मोजून थापणं कंजूषपणाचं वाटायचं. ‘टोपल्यात भाकरी असावी,’ असं ती म्हणे. तिच्या टोपल्यातल्या भाकरीला दारी येणारं माणूस होतं. माझ्या फ्लॅटच्या दारी कोणी येत नाही, मग ती भाकरी कचऱ्यात जाते.

गॅस. सिलिंडर लावल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, तो आपल्याकडे किती दिवस पुरतो हे तीन सिलिंडरांत कळतं. हरभरे, चवळी, राजमा रात्रभर भिजवा, तूरडाळ अर्धा तास. कुकरमध्ये खाली डाळ, मधे भात, वर बटाटे, एकाच वाफेत तिन्ही. शिट्टी झाली की आच बारीक करा, आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपली आपण जिरू द्या. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडणं म्हणजे विकत घेतलेली उष्णता खिडकीतून देणं.

कडधान्यं. एक वाटी मटकीला मोड आले की अडीच-तीन वाट्या होते. भाजी महाग होते त्या पंधरवड्यात आमच्याकडे सोमवारी मटकी, मंगळवारी पिठलं, बुधवारी हिरव्या मुगाची उसळ, गुरुवारी शेंगोळे किंवा माडगं, आणि भाजीच्या डब्यातले पैसे फक्त शुक्रवार-शनिवारसाठी.

भाजीचं काही टाकू नका, पण ओढूनताणूनही काही खाऊ घालू नका. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी होते. मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, फ्लॉवरच्या कोवळ्या दांड्या रश्श्यात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात. दुधीच्या सालीची चटणी मी दोनदा केली, घरात कोणाला आवडली नाही, बंद केली. काटकसरीत जेवणारे रुसले तर ती टिकत नाही.

साय. रोज लिटरभर म्हशीचं दूध येणाऱ्या घरात आठवड्याची साय विरजून घुसळली तर पाव किलोच्या आतबाहेर तूप निघतं. रोजची साय एका भांड्यात फ्रिजमध्ये साठवा, आदल्या रात्री बाहेर काढून चमचाभर दही लावा, सकाळी गार पाणी घालून रवीने घुसळा. लोणी दोन-तीनदा धुवा म्हणजे आंबट वास जातो. मंद आचेवर कढवा. फेस बसला, तूप पारदर्शक झालं आणि तळाची बेरी बदामी झाली की लगेच उतरवा, त्यापुढे अर्धं मिनिट गेलं तरी जळका वास येतो. ताकाची कढी. बेरीत पिठीसाखर घालून मुलांच्या हातावर. एका सायीचे चार पदार्थ झाले, आणि रविवारी सकाळी घरभर तुपाचा वास. माझ्या वहीच्या उजव्या पानावर बेरी किती वेळा आलीय ते मोजायला हवं.

शिळं. पोळीचा फोडणीचा कुस्करा किंवा गूळ-तूप घालून मलिदा, भाकरी ताकात कुस्करून वरून लसणाची फोडणी, भाताचा फोडणीचा भात. इथे एक सावधगिरी: शिजलेला भात उन्हाळ्यात दिवसभर ओट्यावर राहिला असेल तर फोडणी देऊन तो सुधारत नाही. उरणार हे दिसताच तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर टाकून द्या. दवाखान्याचं बिल वाटीभर भातापेक्षा मोठं असतं.

ताट कोणाचं

हे मधेच लिहिते आहे, कारण स्वयंपाकघराच्या पुढे जाण्याआधी बोलायलाच हवं. पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने शिष्यांना सांगितलं, काही फुकट जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करा. बारा टोपल्या भरल्या. काटकसरीवर बोलताना हे वचन सगळे सांगतात. पण हे लिहिणाऱ्या योहानाने त्याआधी काय लिहिलंय? ते तृप्त झाल्यावर. आधी सगळे पोटभर जेवले, मग तुकडे गोळा झाले.

आपल्याकडे क्रम उलटा होतो. बाई तुकडे गोळा करते आणि तेच तिचं जेवण असतं. अंडी मुलांना, मटणाच्या फोडी ह्यांना, दूध सासऱ्यांना, आणि स्वतःला रस्सा आणि काल रात्रीची भाकरी. नर्स असलेल्या माझ्या सासूबाई वॉर्डात रोज रक्त कमी झालेल्या बायका बघत, आणि घरी स्वतः उभ्या उभ्या उरलंसुरलं खात. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवलं. त्या गप्प बसल्या, पण दुसऱ्या दिवशी पाट मांडून माझ्या शेजारी जेवायला बसल्या. सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि उरलेलं असेल तर ते सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं वाढायचं.

आणखी एक. नवरा पगार दारूत घालवतो, किंवा हिशेब मागितला की हात उचलतो, अशा घरात समाधानाची वचनं बाईला ऐकवणं हा वचनाचा गैरवापर आहे. तिथे आधी मदत हवी. पौलानेही फिलिप्पैकरांनी एपफ्रदीताच्या हाती पाठवलेली मदत घेतली आणि तुम्ही बरं केलंत असं लिहिलं. रेशन मिळत असेल तर घ्या. चर्चच्या मंडळीने पिशवी पाठवली तर घ्या. घेणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि मला ती देण्यापेक्षा जड गेली.

साठवण: मान्ना आणि योसेफ

एका वर्षी तूरडाळीचे भाव चढणार अशी बोलवा झाली. मी घाबरले आणि एकदम पंचवीस किलो डाळ आणली. ऊन दाखवायला वेळ नव्हता, तशीच पत्र्याच्या डब्यात ओतली. श्रावणात डबा उघडला तर डाळीला जाळी धरलेली, आत अळ्या आणि भुंगे. निम्मी डाळ गेली. सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले आणि त्याला घाण सुटली, हे बायबलच्या निर्गम पुस्तकातलं वाक्य मी चर्चच्या शब्बाथ शाळेत पाठ केलं होतं. त्या दिवशी त्याचा वास घेतला.

पण त्याच बायबलमध्ये योसेफही आहे. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला आणि दुष्काळात तो उघडला. मग साठवावं की नाही? मला फरक असा दिसतो की योसेफाने मोजून, वेळेवर आणि सगळ्यांसाठी साठवलं. मी भावाच्या भीतीने, न मोजता, फक्त माझ्या चौघांसाठी. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या आणि पुढे तिथे शेकडोंचा संसार उभा राहिला. शेत, गाई, विणकाम आणि छापखाना, हातानं करता येईल ते सगळं तिथे होत होतं. ती काटकसर पंगतीला आणखी एक पान मांडता यावं म्हणून होती.

आता कृती. माणशी रोज दीडशे ग्रॅम धान्य धरलं तर चौघांना वर्षाला साधारण सव्वादोन क्विंटल लागतं. त्यात गहू आणि ज्वारी-बाजरी किती ते तुमच्या खाण्यावर. बाजरी मात्र वर्षाची भरू नका, तिचं पीठ तर पंधरा दिवसांतच कडू होतं. गहू-ज्वारी मार्च-एप्रिलमध्ये, सुगीनंतर घ्या. गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्या. दाणा दाताखाली ‘कट’ वाजला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. संध्याकाळी लगेच डब्यात भरू नका, रात्रभर पसरून गार होऊ द्या, नाहीतर आत घाम धरतो. डब्यात थराथरात वाळलेला कडुनिंबाचा पाला. डाळींना किलोला चमचाभर एरंडेल तेल चोळून ठेवा, शिजवताना कोमट पाण्याने धुऊन टाकायचं. आणि ही खरेदी साठवलेल्या पैशातूनच करा. कर्ज काढून वर्षाचं धान्य भरलं तर व्याज वाचलेले पैसे खाऊन टाकतं. पैसे नसतील तर महिन्याचं घ्या, प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असंच आहे, वार्षिक भाकर नाही.

शनिवार संध्याकाळ आणि रविवार

सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट मिळत असे, म्हणजे शब्बाथाला, विश्रांतीच्या दिवशी, गोळा करायला जावं लागू नये. रविवारी काही विकत घ्यायचं नाही, हा नियम आम्ही विश्रांतीसाठी सुरू केला, आणि त्यात पैसेही वाचतात हे नंतर कळलं. शनिवारी संध्याकाळी वाटण करून ठेवायचं, कपडे इस्त्री, दानाची पाकिटं बायबलमध्ये. रविवारी चर्चमधल्या भक्तीहून आलं की फक्त फोडणी.

रविवारचं मटण मी बंद केलं नाही. कमी केलं. चौघांना अर्धा किलो. आधी हळद-मीठ आणि कांदा घालून शिजवायचं, ते अळणी पाणी वाटीवाटी सगळ्यांना, मग उरलेल्यात वाटण आणि तीन बटाटे. महिन्यातला एक रविवार अंड्यांचा. मुलांची कुरकुर पहिले दोन महिने झाली.

कुरकुर आणि दुःख यांत फरक आहे, हेही घरात बोलायला हवं. अरण्यातले लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) मांसाच्या हंड्या आठवून कुरकुरले. पण बायबलमधल्या स्तोत्रांत माणसं देवापुढे ढसाढसा रडली आहेत आणि त्याला कोणी पाप म्हटलेलं नाही. नोकरी गेली त्या वर्षी माझ्या वहीची उजवी पानं सलग अकरा दिवस कोरी आहेत. मी ती नंतर भरली नाहीत.

गोधडी, थोडक्यात

जुन्या सुती साड्या फेकू नका आणि डब्यांवर बोहारणीला देऊ नका. चार-पाच साड्यांचे थर, जीर्ण आत, धड बाहेर. चारी कडा आधी टाचून घ्या आणि धावदोरा कडेकडेने घालत आत या. दुपारी तासभर बसलं तर मोठी गोधडी दीड-दोन महिन्यांत होते. आमच्या महिला मंडळात वचन वाचणारी एक आणि टाके घालणाऱ्या बाकीच्या, असं चालतं.

नाताळ

नाताळचं कर्ज फेब्रुवारीपर्यंत फेडणारी घरं मला माहीत आहेत. आमचंही एक होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापासून दर आठवड्याला शंभर रुपये वेगळ्या डब्यात टाकले तर २५ डिसेंबरला पाच हजारांवर जमतात. नवे कपडे मुलांना दरवर्षी, मोठ्यांना वर्षाआड. करंज्या, चकल्या, शेव चार घरांनी मिळून एका ओट्यावर: तेल एकदाच तापतं आणि चकलीचा सोऱ्या एकच पुरतो. नानकटाई आणि केकला घरून मैदा, साखर, तूप, अंडी घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीत भाजून आणायचं. आपल्या ट्रेवर आडनावाची चिठ्ठी लावा. एका वर्षी मी दुसऱ्याच कोणाची वेलदोड्याची नानकटाई घरी आणली, आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा बरी होती.

कॅरल गाणारी मंडळी रात्री येतात त्यांच्या चहा-चिवड्यात काटछाट करायची नाही.

सरवा

मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितलंय की शेताच्या कडा साफ कापू नकोस आणि पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू दे. बायबलमधली विधवा रूथ बवाजाच्या शेतात वेचत होती तो हाच सरवा. आपल्याकडेही सुगीनंतर बायका सरवा वेचतात, शब्द समजावून सांगायला लागत नाही. काटकसर करणाऱ्याने हे दाराला लावून ठेवावं, कारण वाचवायची सवय लागली की माणूस कडाही कापायला लागतो.

कुठे कापायचं नाही? कामाला येणाऱ्या मावशींचा पगार कापायचा नाही, आणि त्यांच्या खाड्यांचे पैसे मोजत बसायचं नाही. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं याकोबाच्या पत्रात आहे. रस्त्यावर कोथिंबीर विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी हुज्जत नाही. हुज्जत घालायची तर त्या फ्रिजच्या दुकानात घालायची होती.

आणि मूठ. स्वयंपाकाला पीठ किंवा तांदूळ काढले की त्यातून एक मूठ वेगळ्या डब्यात. बाईच्या मुठीत पस्तीस-चाळीस ग्रॅम धान्य मावतं. रोज एक मूठ म्हणजे महिन्याला किलोभर. मिझोरममधल्या मंडळ्यांनी हाच परिपाठ शंभर वर्षांहून जास्त चालवलाय, तिथे त्याला ‘बुहफाई थाम’ म्हणतात. आमच्याकडे उपकारस्तुतीच्या सणाला भोपळे, अंडी, कोंबड्या, शेंगा चर्चमध्ये येतात आणि भक्तीनंतर आवारात लिलाव होतो, तिथे गवारीची जुडी दोनशेला जाते आणि घेणारा ती पुन्हा अर्पण करतो. मूठ मात्र गुपचूप जाते.

त्या दिवशी पाटावर बसून मी सगळे डबे मोजले आणि पितळी डबा तेवढा राहिला. मला वाटलं, त्यात सासूबाईंनी काहीतरी अडीअडचणीसाठी लपवून ठेवलं असेल. सातव्या दिवशी पीठ संपलं तेव्हा न राहवून मी तो उघडला. काठोकाठ ज्वारी होती. ‘आई, ही आहे की,’ मी म्हटलं. त्यांनी झाकण माझ्या हातातून घेतलं आणि बसवलं. ‘ती आपली नाही,’ म्हणाल्या. त्या दोन दिवस आम्ही पोह्यांवर आणि रव्यावर काढले, आणि रविवारी डबा पिशवीत घालून त्या माझ्यापुढे चर्चच्या वाटेला लागल्या.